झंझाचा शेवटचा भाग

पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर मी जन्मभर दोनच प्रकारच्या गिऱ्हाइकांना पुस्तकं विकली. एक, ज्यांची बस चुकली ते. दुसरे, ज्यांची बस यायची आहे ते. पहिला चिडलेला असतो आणि त्याच्याकडे वेळ भरपूर असतो, त्याला जाडजूड रहस्यकथा द्यावी. दुसरा घाईत असतो, त्याच्या हातात पेपर कोंबावा. दोघांच्याही मागे पोट्टे लोंबकळत असतात, त्यांच्यासाठी कॉमिक्स. बाकी या धंद्यात काही गूढ नाही. पहाटे नागपूरच्या गाडीतून गठ्ठे उतरवायचे, सुतळी सोडायची, धूळ झटकायची आणि बाकड्यावर बसून फुकट वाचणाऱ्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने उठवायचं.

आता स्टॉल माझा पुतण्या प्रशांत पाहतो. त्याने तिथे मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि कानात घालायच्या वायरी टांगल्या आहेत. धंदा माझ्यापेक्षा चांगला करतो, हे कबूल. पण वरच्या कोपऱ्यात एक नायलॉनची दोरी मी सोडलेली नाही. तिच्यावर कपड्याच्या चिमट्यांनी कॉमिक्स लटकतात. प्रशांत अधूनमधून त्या दोरीकडे पाहतो आणि तिथे किती चार्जर मावतील याचा अंदाज घेतो. मी खुर्ची थोडी पुढे सरकवून बसतो.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा. मी विचारलं, कॉमिक्सवर लिहिलं तर चालेल काय? ते फोनवर हसले. हसू द्या. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी भानगड कॉमिक्सपायीच झाली, आणि सगळ्यात मोठा आनंदही त्याच दोरीवरून उतरला.

तेव्हा दिल्लीची एक कंपनी हिंदीत कॉमिक्स काढायची. तिच्याकडे तीन मोठे हिरो. महाघन हा लोहाराचा पोरगा, खाणीत गाडला गेला आणि लोखंडासारखं अंग घेऊन बाहेर आला. हातात घण, ओठावर झुपकेदार मिशी. सप्तनेत्र हा सात डोळ्यांचा जासूस, त्याला पाठीमागचंही दिसायचं, तरी दर अंकात कोणीतरी त्याला मागूनच मारायचं. आणि झंझा. ही साधी शाळेत शिकवणारी बाई, पण तिने शिट्टी घातली की वारं धावून यायचं. हलकी शिट्टी, तर झुळूक. लांब शिट्टी, तर वादळ.

आमच्याकडे मराठी घर आणि हिंदी कॉमिक्स यात कोणाला काही वावगं वाटत नाही. सिनेमा हिंदीत, भांडण हिंदीत, मग महाघनाने तरी मराठीत का बोलावं? माझी गिऱ्हाइकं सगळ्या थरांतली. एक वकीलसाहेब दर महिन्याला 'पुतण्यासाठी' महाघन न्यायचे, पेपरात गुंडाळून. त्यांना पुतण्या नाही हे अख्ख्या कोर्टाला ठाऊक होतं. हैदराबादकडून येणारा एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याला हिंदी वाचता येत नसे. तो चित्रं पाहून क्लीनरला गोष्ट सांगायचा. मी एकदा कान देऊन ऐकली. छापलेल्या गोष्टीशी तिचा काही संबंध नव्हता, आणि खरं सांगतो, त्याची गोष्ट जास्त चांगली होती.

आमची एक खास पद्धत होती. ती दुसऱ्या कोणत्या स्टँडवर असेल असं वाटत नाही. फाट्यावरच्या आणि तांड्यांवरच्या पोट्ट्यांना पांढरकवड्याला येणं रोज कुठून जमणार? मग कॉमिक्स त्यांच्याकडे जायचं. सकाळी मी एक प्रत ड्रायव्हरच्या हाती द्यायचो. तो ती काचेजवळ, देवाच्या फोटोमागे खोचायचा. फाट्यावर पोट्टा उभा असे, त्याला खिडकीतून द्यायची. परतीच्या बसला त्याने ती परत करायची. कोपरा दुमडायचा नाही, एवढाच नियम. प्रत परत आली की मी तिच्यावरचे डाग पाहून सांगायचो, हे हळदीच्या हाताचं घर, हे तेलाच्या चिवड्याचं, हे कापूस वेचून आलेलं.

ही फिरती चालवणारे मुख्य ड्रायव्हर म्हणजे देवरावभाऊ. उंच, काळेसावळे, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. बस चालवायला बसले की शिट्टी चालू. कॉमिक्स नेता नेता स्वतःही वाचायला लागले. "हे पोट्ट्यायचं वाचून आपल्याले काय करा लागते?" असं म्हणत म्हणत मुक्कामाच्या गाडीत कंदील लावून वाचायचे. आता रिटायर आहेत. कवळी बसवली आहे, आवाज तेवढाच आहे. रोज स्टँडवर येतात आणि माझ्या बाकड्यावर बसून नव्या ड्रायव्हरांच्या चुका काढतात.

आणि फिरतीची सगळ्यात पक्की गिऱ्हाईक म्हणजे सुनीता राठोड. घाटंजी रस्त्यावरच्या तांड्यातली पोरगी, देवरावभाऊंच्या गाडीने पांढरकवड्याला शाळेत यायची. तिला महाघन नको, सप्तनेत्र नको. तिला झंझा पाहिजे. प्रत द्यायला उशीर झाला तर ती खिडकीशी येऊन हात पुढे करायची, बोलायची नाही. नुसता हात. देवरावभाऊ म्हणायचे, "अवो, ही पोट्टी तिकीट चेकरसारखी उभी राह्यते!"

एकदा धरणाची गोष्ट आली, दोन भागांची. दुष्ट माणसाने धरणाच्या भिंतीला तडा पाडला आहे. खाली गाव झोपलं आहे. महाघन दूर अडकला आहे. झंझा एकटी भिंतीपुढे उभी राहून वाऱ्याने पाणी थोपवते आहे. शिट्टी घालून घालून तिचा घसा कोरडा पडतो. शेवटच्या चित्रात नुसते तिचे ओठ दाखवले होते, शिट्टीच्या आकारात, आणि शेजारी कोणताही आवाज लिहिलेला नव्हता. 'शेष अगले भाग में.'

सगळं स्टँड महिनाभर त्या ओठांवर लटकलं. वकीलसाहेबांनी पुतण्याच्या नावाने दोनदा चौकशी केली.

पुढच्या महिन्यात गठ्ठा आला. सुतळी सोडली तर आत तेलुगू साप्ताहिकं! गोल गोल अक्षरं आणि एका नटाचा हसरा फोटो. नागपूरच्या एजंटाकडे गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आदिलाबादचा गठ्ठा आमच्याकडे उतरला आणि आमची झंझा आदिलाबादला गेली. एजंटाला फोन केला तर म्हणाला, प्रती संपल्या, पुन्हा छापणार नाहीत. तिकडे आदिलाबादला त्या हिंदी कॉमिक्सचं काय झालं देव जाणे. इकडे आमचं स्टँड माझ्या नरड्यावर बसलं.

तेव्हा सुटका केली देवरावभाऊंनी. त्यांना अधूनमधून नागपूरची ड्यूटी लागायची. तिथल्या स्टँडवर कोणाच्या तरी हातातली प्रत मागून उभ्या उभ्या त्यांनी शेवटचा भाग वाचला, आणि इथे येऊन बाकड्यावर सगळ्यांना ऐकवला. काय ऐकवला! "त झंझाची शिट्टी बंद पडली ना? आता धरण फुटते. खाली गावात एक पोट्टी जागी होती. तिनं वर पाह्यलं. तिले समजलं का बाईची शिट्टी निघून नाही राह्यली. मंग तिनंच दोन बोटं तोंडात घातली! तिची आयकून शेजारचीनं घातली. मंग गावातल्या साऱ्या बाया, पोरी, म्हाताऱ्या, साऱ्याच शिट्ट्या वाजवून राह्यल्या. असं वारं सुटलं बापा, पाणी उलटं चढलं डोंगरावर!"

बाकड्यावर टाळ्या पडल्या. पाणी पाजणारी बाई कळशी खाली ठेवून ऐकत उभी होती. मीही टाळी वाजवली.

त्यानंतर महाघनाच्या अंकात झंझा दिसेना. पोट्टे विचारायला लागले तर देवरावभाऊंकडे उत्तर तयार. "त्या गावच्या बायायनं तिले जाऊच नाही देल्लं. म्हणे, इथंच राह्य, आमच्या पोरींले शिकव." कंपनीने तिची गोष्ट बंद केली, पण आमच्या स्टँडवर ती चालू राहिली. कोणी वणीहून आला की सांगायचा, झंझा खाणीवर आलती, कोळशाची धूळ उडवून गेली. चैत्रात स्टँडच्या मैदानात वावटळ उठली आणि कागद, कापसाचं बोंड, कंडक्टरची टोपी सगळं गरगर फिरलं की आम्ही म्हणायचो, झंझा आली रे. प्रशांत लहान असताना वावटळीला हात जोडायचा. आता विचारलं तर नाही म्हणतो.

सुनीता त्याच दिवसांत पुढे शिकायला यवतमाळच्या वसतिगृहात गेली. सुट्टीत यायची ती फाट्यावर उभी राहून, दोन बोटं तोंडात घालून बस थांबवायची. तांड्यात तिची याडी, म्हणजे आई, ओरडायची की पोरीच्या जातीने शिट्टी वाजवू नये. देवरावभाऊ गाडीतून तशीच शिट्टी परत द्यायचे. मग तो त्यांचा कायदाच झाला. ती वाजवणार, हे उत्तर देणार.

शिकून ती एसटीत कंडक्टर झाली. पुढे बायांना ड्रायव्हर घ्यायचं निघालं तेव्हा तिने अर्ज केला. ज्या दिवशी तिने स्वतः चालवत पहिली बस पांढरकवडा स्टँडवर आणली, त्या दिवशी डेपोने नारळ फोडला, हार घातला. बोलायला सांगितलं तर ती माईक हातात घेऊन म्हणाली, "ट्रेनिंगले रिवर्स घेतांनी मायी गाडी घडीघडी बंद पडे. माणसं हासून राह्यलते. तवा मी झंझाले आठवलं. तिची शिट्टी बंद पडली होती, तरी गाव वाचलं. का, त पोरींयनं वाजवल्या. मी मनात म्हटलं, मायी बी बंद पडली त कोनीतरी वाजवन." साहेब लोकांना काही समजलं नाही. आमच्या बाकड्याला सगळं समजलं. देवरावभाऊ टोपीने डोळे पुसत होते आणि धुळीला शिव्या देत होते.

आता येतो मुख्य गोष्टीवर. दिल्लीच्या कंपनीने जाहीर केलं की सगळेच्या सगळे हिरो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. सगळ्यांचे अंक एक नंबरपासून. आजवर जे घडलं ते घडलंच नाही. महाघन पुन्हा खाणीत पडणार, सप्तनेत्राला पुन्हा एकेक डोळा फुटणार. प्रशांतने मोठं रंगीत पोस्टर आणून लावलं. मी चष्मा लावून पाहिलं आणि खुर्चीतच बसलो. महाघनाची मिशी काढली होती!

बाहेरच्यांना हे हसू येण्यासारखं आहे, म्हणून नीट सांगतो. कॉमिक्सच्या कंपनीला दर काही वर्षांनी असा झटका येतो. गोष्टींवर गोष्टी चढत जातात. कोण कोणाचा भाऊ, कोण कितव्यांदा मेला, याचा गुंता एवढा होतो की नवीन पोट्ट्याला आत शिरायला फटच राहत नाही. मग कंपनी सगळं पुसते आणि एकपासून मांडते. एक नंबर लिहिलेला अंक खपतोही जास्त, हे दुकानदार म्हणून मला माहीत आहे. पण वाचक म्हणून? ज्या महाघनासोबत मी केस पिकवले, तो आता म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही!

वकीलसाहेब तर पेटले. आता ते पेपरात न गुंडाळता वाचतात. "एवढ्या वर्षांचे निकाल एका सहीने रद्द? अपील नाही, सुनावणी नाही? मिशी काढायचं कारण तरी नोंदवा!" यवतमाळहून कॉलेजची पोरं येतात, त्यांच्यात दोन तट पडले. एक म्हणे बहिष्कार, दुसरे म्हणे आधी वाचू. मी पहिल्या तटात होतो. पोस्टरच्या नव्या चकचकीत कागदाला नाक लावलं तर वासच नाही. आमच्या जुन्या अंकाला असा शाईचा वास होता की सुतळी सोडल्याबरोबर भूक लागायची.

मग एके दिवशी एक आई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरीने दोरीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुठून वाचायचं सुरू करू, आजोबा?" मी दोरीकडे हात नेला. महाघनाचा चालू अंक द्यावा तर आधीचे शंभर सांगावे लागतील. पोरीची बस लागली, ती गेली. जाताना तिने चॉकलेट घेतलं. त्या दिवशी मी घरी जाताना पहिला तट सोडला. एसटीचं वेळापत्रक बदललं की आम्ही असेच बोंबलतो. आठ दिवसांनी त्याच गाड्यांत बसून त्याच गावाला जातो. माझी तक्रार आता फक्त मिशीपुरती उरली आहे. ती मात्र मी मागे घेणार नाही.

पण या नव्याने मांडण्याबरोबर कंपनीने आणखी एक केलं. निरोप म्हणून जुन्या गोष्टी जाड पुठ्ठ्याच्या संचात पुन्हा छापल्या. त्यात झंझाचा संच होता. सगळ्या गोष्टी, धरणासकट, दोन्ही भाग. सुनीताने बातमी ऐकली त्या दिवशी बस फलाटाला लावून धावत आली. "काका, झंझाचा नवीन एक नंबर मायासाठी ठेवजा, न तो जाड संच बी. मी तो शेवटचा भाग आजपावतर डोळ्यायनं पाह्यलाच नाही ना! नुसता देवरावकाकांच्या तोंडून आयकला. त्या साऱ्या पोरी शिट्ट्या वाजवतांनी कशा काढल्या असन, नाही?"

मी म्हटलं, ठेवतो. देवरावभाऊ बाकड्यावर होते. ते काही बोलले नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटायला पाहिजे होतं.

दिवाळीच्या तोंडावर गठ्ठे आले. कापसाच्या गाड्या रस्त्यावर होत्या, हवेत सरकी आणि तंतू. मी सुतळी सोडली, सुनीताची प्रत बाजूला काढली आणि राहवलं नाही म्हणून धरणाचं पान उघडलं. शिट्टीच्या आकारातले ते ओठ पुन्हा पाहिले. पान उलटलं.

गावात कोणीच जागं नव्हतं. एकही पोरगी नव्हती, शिट्टी नव्हती. झंझा अंगातला शेवटचा श्वास वारा करून सोडते, पाणी थांबतं, आणि ती भिंतीवरून खाली पडते. महाघन उशिरा पोचतो. शेवटच्या पानावर तो तिची समाधी बांधतो आहे, घणाने दगड घडवत.

मला पहिल्यांदा आठवलं ते यवतमाळचं एक पोरगं. ते मागे एकदा म्हणालं होतं, "काका, झंझा तर मेली ना." त्याला मी पांढरकवड्याच्या भर स्टँडवर, पुस्तकं नीट वाचत जा म्हणून झापलं होतं.

देवरावभाऊ आले ते थेट माझ्या हाताकडे पाहतच आले. संच उघडा होता. ते बाकड्यावर बसले आणि एवढा मोठा माणूस एकदम लहान आवाजात म्हणाला, "वाचलं?"

"हे काय आहे, देवरावभाऊ?"

"जे हाय ते हाय. मी नागपूरले तेच वाचलतं. दुसऱ्या दिवशी यवतमाळची गाडी माह्याकडं होती. तांड्याच्या फाट्यावर ते पोट्टी उभी, पेटी घेऊन. होस्टेलले जाऊन राह्यलती पयल्यांदा. रडून रडून डोळे सुजलते. तिची याडी ढकलत होती, न ते चढतच नव्हती. गाडी भरेल, सारे ओरडून राह्यले. मले पाह्यलं न तिनं इचारलं, झंझाचं काय झालं? आता सांग, भाऊ. काय सांगू मी तिले? मेली म्हणू? तोंडातून निंगून गेलं का पोरींयनं शिट्ट्या वाजवल्या. चढली न ते गाडीत! मंग इथं येऊन तुमाले वेगळं कसं सांगू?"

मी संच मिटला. ते पुढे सरकले. "भाऊ, तो संच देऊ नोको तिले. आलाच नाही म्हण. आदिलाबादले गेला म्हण! ते माईकवर काय बोलली आठवते ना? तिनं सारा जलम त्याच्यावर उभा केला. आता समजलं का म्हातारा खोटं बोलला..."

मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, कारण टाळी मीही वाजवली होती. पण मी पुस्तकं विकणारा माणूस. गिऱ्हाइकाने मागितलेलं पुस्तक खाली दडवून 'आलं नाही' म्हणायचं, हे मी या धंद्यात केलेलं नाही. आणि सुनीता काही आता फाट्यावरची पोरगी नाही. पंचावन्न माणसांची गाडी घाटातून आणते. तिला काय झेपेल हे आपण दोन म्हाताऱ्यांनी ठरवायचं? मी तसं म्हटलं. देवरावभाऊ म्हणाले, "तुले बोलाले काय जाते." मग आम्ही दोघं एकाच बाकड्यावर, एकमेकांकडे पाठ करून बसलो.

दुपारी तिची बस आली. फलाटाला लावली ती अशी की देवरावभाऊंनाही चूक काढता आली नाही. ती उतरली, खाकी शर्टाची बाही वर केलेली, हसत हसत आली. मी नवा अंक आणि संच दोन्ही तिच्या हातात ठेवले. देवरावभाऊ उठून जाऊ लागले तर तिने त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बसा ना काका, तुमच्याच संगं वाचतो."

तिने संच मधूनच उघडला. पानं उलटली. मी दोरीवरचे चिमटे सरळ करत होतो, ते सरळच होते. तिचं हसू हळूहळू थांबलं. शेवटच्या पानावर ती बराच वेळ होती. समाधीवर बोट ठेवलं. मग परत मागे गेली, झोपलेलं गाव पाहिलं, एकेक घर निरखून, कुठे एखादी खिडकी उघडी आहे काय म्हणून.

"सुनीता," देवरावभाऊ म्हणाले, "पोरी, मी खोटं बोललतो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. प्रशांतने गिऱ्हाइकाला चार्जर देता देता हात थांबवला.

"तुमी खरं सांगतलं असतं ना काका," ती म्हणाली, "त मी त्या दिवशी गाडीत चढलीच नसती. घरी जाऊन बसली असती." मग नाक पुसून तिने संच मिटला आणि आमच्या दोघांकडे अशी पाहू लागली जशी मास्तरीण पाहते. "न खोटं तुमी नाही बोलले. चुकलं दिल्लीवाल्यायचं! एवढं मोठं गाव, न एक बी पोट्टी जागी नाही? असं कुठं राह्यते? त्यायले बी समजलं असन आपलं चुकलं म्हणून. नाहीतं पयल्यापासून कायले सुरू करून राह्यले असते?"

मी आजवर त्या नव्याने मांडण्यावर पुष्कळ मतं ऐकली. वकीलसाहेबांचं ऐकलं, कॉलेजच्या पोरांचं ऐकलं, माझं स्वतःचं तर रोज ऐकत होतो. पण एवढं समाधानाचं कोणीच सांगितलं नव्हतं. कंपनीने चूक केली, कंपनीला ती उमगली, आता पुन्हा नीट मांडते आहे. मिशीचं तेवढं राहिलं.

तिने नवा एक नंबर उघडला. पहिल्याच पानावर झंझा, लहान पोरगी, विहिरीच्या काठावर बसून शिट्टी शिकते आहे, आणि येत नाही म्हणून गाल फुगवते आहे. "पाहा काका, आली ते," सुनीता म्हणाली. तिने ते पान देवरावभाऊंच्या नाकाशी धरलं. देवरावभाऊ रडत होते आणि हसत होते आणि कवळी सावरत होते.

तेवढ्यात कंट्रोलरने भोंग्यावर घाटंजी-यवतमाळ गाडीचा पुकारा केला. ती उठली. दोन्ही पुस्तकं काचेजवळ, देवाच्या फोटोमागे खोचली. गाडीत शाळा सुटलेल्या पासवाल्या पोरी दाटीवाटीने बसल्या होत्या, खिडक्यांतून वेण्या बाहेर. गाडी फलाटावरून मागे निघाली, वळली, आणि सुनीताने खिडकीतून डोकं काढून, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. जुनीच, फाट्यावरची.

आता कायद्याप्रमाणे देवरावभाऊंनी उत्तर द्यायचं. ते उभे राहिले, बोटं तोंडात घातली आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, कवळी हलली, आवाज नाही. तिसऱ्यांदा गाल फुगवले, मान लाल झाली, आणि ओठ तसेच शिट्टीच्या आकारात राहिले. गाडी गेटाशी थांबली होती. सुनीता वाट पाहत होती.

आधी एका खिडकीतून बारीक शिट्टी आली. मग शेजारच्या खिडकीतून. मग गाडीतल्या सगळ्या पोरींनी, ज्यांना येत होती त्यांनी आणि ज्यांना येत नव्हती त्यांनीही, अशा काही शिट्ट्या घातल्या की रसवंतीवाला चरक सोडून रस्त्यावर आला. त्या आवाजातच बस गेटाबाहेर पडली, आणि तिच्यामागे रस्त्यावरचा सगळा कापूस हवेत उठला.